कॉपी पुरवणाऱ्या बाई

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे. पुण्याच्या वन्सं वाचून हसतील. हसू देत!

मी ३३ वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. परीक्षेत सुपरव्हिजन किती केलं त्याची गणती नाही. चिठ्ठी मोज्यात आहे की कंपासपेटीत, हे मला वर्गाच्या दारातून कळायचं. अशा बाईला सत्तरी उलटल्यावर कॉपी पुरवताना पकडलं, तेही टेनिसच्या कोर्टावर.

त्याचं झालं असं. नातू तेरा वर्षांचा. सून-मुलगा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे कुर्ल्याच्या नेहरूनगरहून चेंबूरला त्याला सरावाला नेण्या-आणण्याचं काम माझं. तिथे दोन तास बसून करायचं काय? हजेरीपटासारखी एक वही आखली. पहिली सर्व्हिस आत की बाहेर, पॉइंट कशावर गेला, तेव्हा स्कोअर काय होता, असे रकाने. महिन्याभरात वहीच बोलू लागली. थर्टी-ऑल झालं की आमचे चिरंजीव बॅकहँड दरवेळी क्रॉसच मारतात! समोरच्याला दोन गेममध्ये हे कळणारच.

मोठ्या खेळाडूंचंही असंच असतं. अगासी पहिल्या तीन मॅचेस बेकरकडून हरला होता. मग त्याने बेकरच्या टेप्स पुन्हा पुन्हा पाहिल्या, आणि सर्व्हिस करताना बेकरची जीभ ज्या बाजूला बाहेर येते त्यावरून चेंडू कुठे पडणार ते कळतं, असं त्याला दिसलं. शेवटी त्यांचा हिशोब १०-४ झाला, अगासीच्या बाजूने. अगासी म्हणतो, जीभ वाचणं सोपं होतं; वाचतोय हे बेकरला कळू न देणं कठीण. हे वाचून मला तर आमचा स्टाफरूम आठवला. मुलाचा चेहरा वाचता येणं हीच निम्मी मास्तरकी.

पण ही हुशारी माझ्या डोक्यात गेली. मी नातवाशी खूण ठरवली. आजी खोकली की बॅकहँड सरळ रेषेत मारायचा.

स्पर्धेत बाहेरून काही सांगायला मनाई होती. हा पहिल्या सेटमध्ये ४-३ पुढे. थर्टी-ऑल झालं, मी खोकले. पुढच्या थर्टी-ऑलला पुन्हा खोकले. चौथ्या खोकल्याला समोरच्या मुलाचे वडील उठून रेफ्रींकडे गेले. रेफ्री आले, आणि वॉर्निंग मिळाली ती नातवाला. मला कुणी काहीच बोललं नाही. तो मान खाली घालून उभा, आणि मी जाळीबाहेर पिशवी धरून बसलेली. मॅच तो हरला.

खिडकीतून चिठ्ठी टाकणारा पळून जातो आणि पेपर जातो तो आत बसलेल्याचा, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल!

२०१८ च्या यूएस ओपन फायनलला हेच झालं होतं. सेरेना विल्यम्सच्या कोचने, मुराटोग्लूने, स्टँडमधून हाताने खूण केली. पंच कार्लोस रामोस यांनी ताकीद दिली ती सेरेनाला. ती म्हणत राहिली की मी सल्ला घेतलेलाच नाही. नंतर रॅकेट आपटल्याबद्दल एक पॉइंट गेला, पंचांना बोलल्याबद्दल अख्खा गेम. नाओमी ओसाका ६-२, ६-४ जिंकली. खूण केली होती हे कोचने मॅचनंतर टीव्हीवर कबूल केलं.

आता नियम सैल झालाय. २०२२ च्या जुलैपासून पुरुषांच्या टूरवर प्रयोग झाला, आणि २०२५ पासून आयटीएफने दोन पॉइंट्सच्या मधे थोडक्यात सांगायची मुभा नियमातच घातली. आयोजकांची परवानगी असली म्हणजे झालं. म्हणजे माझा खोकला काही ठिकाणी कायदेशीर झाला म्हणायचा :)

पण त्या रात्री नातू जेवून उठला आणि वही घेऊन आला. खोकल्यानंतरच्या चार पॉइंट्सवर त्याने बोट ठेवलं. चारातले तीन गेलेले. म्हणाला, "आजी, तू खोकलीस की मी बॉल बघायचा सोडून तुझी खूण आठवत बसायचो."

माझ्याच वहीत होतं, आणि मला दिसलं नव्हतं.

सल्ला वाईट, असं मी म्हणत नाही. आपली श्रीरामपूरची ऋतुजा भोसले २०२३ च्या ३० सप्टेंबरला हांगझोच्या एशियाडमध्ये मिश्र दुहेरीची फायनल खेळली. पहिला सेट २-६ गेला. शेजारी ४३ वर्षांचा रोहन बोपण्णा, त्याच्याशी प्रत्येक पॉइंटनंतर बोलायची मोकळीक. पुढे ६-३, १०-४ आणि सुवर्णपदक! पण तिथे सांगणारा स्वतः कोर्टात उभा होता. चेंडू त्याच्याकडेही येत होता, हार त्याचीही झाली असती. माझं काय गेलं असतं?

वर्गात मी असे किती खोकले खोकले असेन, आणि त्यापायी कोणाकोणाचं लक्ष उडालं असेल, कोण जाणे. त्याची वही नाही माझ्याकडे.

असो. पुढच्या रविवारी पुन्हा मॅच आहे. वही न्यायची परवानगी मिळाली आहे, पण उघडायची ती घरी आल्यावर, आणि त्याने मागितली तर. बसायचं त्याच्या पाठीमागच्या बाजूला. खोकल्याच्या गोळ्या त्यानेच आणून ठेवल्या आहेत.