शून्यावर बसलेला काटा

स्पीडोमीटरचा काटा एका दिवसात मरत नाही, बॉस. आधी तो थरथरतो. तीस आणि चाळीसच्या मध्ये उगाच नाचतो, डॅशबोर्डच्या मागून बारीक टिकटिक ऐकू येते. मग एका सकाळी गाडी मस्त धावतेय आणि काटा आपला शून्यावर, ढिम्म! आमच्या मारुती ८००ने हे सगळे सोपस्कार क्रमाने पार पाडले, २०२३च्या पावसाळ्यात, बोईसरच्या खड्ड्यांमध्ये.

गाडी १९९८ची. म्हणजे साधारण माझ्याच वयाची. नंबर एमएच-०४, कारण तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. मुंबईला जायला मी लोकलच पकडते, पण स्टोरीसाठी विक्रमगड नाही तर जव्हार गाठायचं असलं की ही म्हातारी कामाला येते. टेन्शन वेगळंच होतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१३ आणि २०१८ पार पडलं होतं, २०२३चं तोंडावर होतं. १ एप्रिल २०२२पासून त्याची फी सहाशेवरून थेट ५,००० झालेली. आणि फिटनेसच्या तपासणीत स्पीडोमीटरही बघतात. मेलेला काटा घेऊन तिथे जाणार कसं?

पहिल्या गॅरेजवाल्याने मिनिटभर बघितलं आणि निकाल दिला, ''पूर्ण मीटरच बदलायला लागेल, काका.'' (गाडी मी घेऊन गेले होते, चावी माझ्या हातात होती, तरी उत्तर बाबांना. हे आता सवयीचं झालंय.) कुर्ल्याच्या भंगारातून जुनं मीटर आणतो म्हणाला. वर बोनस ऑफर, ''किलोमीटर किती ठेवू? चाळीस हजार चालेल?''

बाबा एकदम गप्प झाले. ते का गप्प झाले ते मला ठाऊक होतं. गाडी घेतल्यापासून बाबा एक डायरी ठेवतात. तारीख, किती लिटर पेट्रोल, मीटरचा आकडा. एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम केलेल्या माणसाला नोंदी ठेवायची सवय असतेच, पण हे जरा जास्तच आहे. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीचा आकडाही त्या डायरीत सापडतो. मीटर थांबलं ते ८६,२१४वर. आणि त्या जागी आता कुणा भलत्याच माणसाचे किलोमीटर येणार, तेसुद्धा 'सांगाल तेवढे'! आम्ही चहाही न घेता निघालो.

तर मग बिघाड शोधायचा कसा? त्यासाठी आत काय चालतं ते थोडं समजून घ्यायला लागतं. जुन्या गाड्यांमधल्या या मीटरचं तत्त्व स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झने १९०२ साली पेटंट घेतलं तेव्हापासूनचं. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल जाते. बाहेर नळी, आत पिळाची पोलादी तार. चाकं फिरली की तार फिरते आणि मीटरमधला छोटा चुंबक फिरवते. चुंबकाच्या भोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. दोघं एकमेकांना शिवतही नाहीत! पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे बारीक प्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी एक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. तोच आपला वेग.

किलोमीटरचे आकडे मात्र त्याच तारेवरून, पण दातेरी चाकांनी फिरतात. त्यांना चुंबकाशी काही देणंघेणं नाही. म्हणजे एका तारेवर दोन बिऱ्हाडं. म्हणून पहिला प्रश्न हा, की दोन्ही बंद आहेत की एकच? काटा मेला पण आकडे सरकतायत, तर तार ठीक आहे आणि दोष मीटरच्या आत आहे. उलट असेल तर आकड्यांचं दातेरी चाक तुटलंय. आणि दोन्ही ठप्प असतील, तर मीटरला आधी हात लावायचाच नाही. दोष बहुतेक खाली आहे, तारेत किंवा गिअरबॉक्सच्या टोकाला. आमचं दोन्ही ठप्प होतं. त्या गॅरेजवाल्याने हा एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

रविवारी सकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही कामाला लागलो. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये. पुढचं एक चाक जॅकवर उचललं. ८०० पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे इंजिन चालू करायची गरजच नाही, हाताने चाक फिरवलं तरी पुरतं. मीटरच्या मागून केबल सोडवली आणि बाबांनी चाक फिरवलं. वरचं टोक हललं नाही. मग गिअरबॉक्सकडचं टोक सोडवून आत डोकावले. तिथला दांडा छान फिरत होता. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष. राहिलं मीटर. केबलच्या वरच्या टोकाचा चौकोनी तुकडा मीटरमध्ये बसवून बोटांनी जोरात पिळला, तर काटा टुणकन उठला आणि परत बसला. मीटरही निर्दोष!

उरली तार. वरून ओढली तर वीतभरच हातात आली, बाकीची खालून. तुटली कुठे, तर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून ती जिथे आत येते, तिथे. काही वर्षांपूर्वी म्युझिक सिस्टीम बसवणाऱ्या कुणीतरी केबल बाजूला कोंबून तिला कोपरासारखी दुमडली होती. त्या दुमडीत तार घासत राहिली, ग्रीस सुकलं, समुद्राच्या हवेने गंज धरला. काटा नाचत होता तो यामुळेच. अडकलेली तार पीळ साठवते आणि झटक्यात सोडते. हे कारण काढलं नसतं तर नवी केबलही तशीच तुटली असती. नवी पडली तीनशेच्या आत. हलक्या वळणाने बसवली.

नवीन गाड्यांमध्ये ही तार नसतेच. सेन्सर इलेक्ट्रॉनिक पल्स पाठवतो आणि दोष शोधायला स्कॅनर लावतात. पण 'काय काय एकत्र बंद पडलंय' हा प्रश्न तिथेही पहिलाच. काट्याबरोबर एबीएसचा दिवा लागला असेल, तर चाकाजवळच्या सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही.

काटा जिवंत झाला, पण खरं बोलतोय का? हा प्रश्न आमच्याकडे गमतीचा नाही. ४ सप्टेंबर २०२२ला सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा जीव गेला तो चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर. रुंद सरळ रस्त्यावर अर्धा तास चालवलं की ऐंशीसुद्धा पन्नाससारखं वाटायला लागतं. कान आणि डोळे दोघंही फसवतात. म्हणून चिल्हार फाट्यावरून हायवेला लागलो आणि चारोटीच्या दिशेने निघालो. आई मागच्या सीटवर घड्याळ घेऊन. दोन किलोमीटरच्या दगडांमध्ये ६० सेकंद म्हणजे ताशी ६०, ७२ सेकंद म्हणजे ५०. काटा साठवर धरला, आई म्हणाली साठ! फोनचं जीपीएसही साठच. मी खूश.

बाबा खूश नव्हते. ते आकड्यांकडे बघत होते. वीस दगड गेले आणि मीटर पुढे सरकलं एकोणीसच!

डोकं खाजवत टायर बघितले. ८००चा मूळ टायर १४५/७० आर १२. खड्ड्यांत पोट घासू नये म्हणून बाबांनी कधीतरी १४५/८० टाकलेले. त्यांचा व्यास पावणेसहा टक्क्यांच्या आसपास जास्त. एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि मीटरला ते कळतच नाही. मग काटा बरोबर कसा? कारण स्पीडोमीटर कंपनीतूनच थोडा जास्त दाखवतात. युरोपीय नियमात तर तो खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, जास्त मात्र ठरावीक मर्यादेत चालतं. आमच्या गाडीत दोन चुकांनी एकमेकींना पुसलं होतं. दातेरी चाकांवरच्या आकड्यांना अशी सवलत नाही.

फिटनेसच्या दिवशी इन्स्पेक्टरने दिवे, हॉर्न, वायपर बघितले, थोडी गाडी फिरवली, काट्याकडे नजर टाकली. दोन सेकंद!

घरी येऊन बाबांनी डायरीत लिहिलं : 'मीटर बंद, पेट्रोल ११ लिटर, अंदाजे १७५ किमी.' मग त्यांच्या लक्षात आलं की मोठे टायर टाकल्यापासून मीटर कमी मोजतंय, म्हणजे ज्या गाडीला ते सोळाच्या अॅव्हरेजवरून इतकी वर्षं बोलत आले, ती खरं तर सतराच्या आसपास देत होती. कॅल्क्युलेटर निघाला, लाल पेन निघालं. रात्री साडेदहाला आई दिवा बंद करायला आली, तेव्हा ते मार्च २०१९पर्यंत पोचले होते.