सालामांका : मैत्रिणीस चार ओळी

स्पेनची राजधानी माद्रिद. तिच्या वायव्येस सुमारें २०० किलोमीटरांवर तोर्मेस नदीच्या कांठीं सालामांका हें प्राचीन नगर वसलें आहे. जवळच्या बियामायोर गांवच्या खाणींतील पिवळसर दगडानें येथील बहुतेक जुन्या इमारती बांधलेल्या असल्यामुळें, उन्हें उतरूं लागलीं कीं सारें नगर सोन्याचा मुलामा दिल्यासारखें दिसतें. १२१८ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ हें त्याचें मुख्य भूषण. विद्यापीठाच्या नक्षीदार दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक इवलासा बेडूक कोरलेला आहे. तो ज्यास आपण होऊन सांपडेल तो परीक्षेंत उत्तीर्ण होईल, अशी विद्यार्थ्यांची समजूत! आम्ही तेथें उभे असतां कित्येक तरुण माना उंच करून त्याचाच शोध घेत होते.

याच नगरांत १४९२ सालीं नेब्रिहा या पंडिताचें कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचें व्याकरण छापलें गेलें. आज परकीयांच्या स्पॅनिश ज्ञानाची कसोटी पाहणारी जी ‘देले’ नामक परीक्षा आहे, तिच्या प्रश्नपत्रिका व मूल्यमापन यांतही या विद्यापीठानें वर्षानुवर्षें साह्य केलें. १९९१ मध्यें स्थापन झालेली सर्व्हांटिस संस्था ही परीक्षा घेते. तिच्या सहा पायऱ्या असून दुसरीस ‘ए-२’ म्हणतात. त्या पायरीच्या लेखनास ४५ मिनिटें मिळतात, आणि पहिलाच प्रश्न असतो तो एखाद्या स्नेह्याच्या पत्रास ६०-७० शब्दांत उत्तर लिहिण्याचा. अभिवादन करावें, विचारलेल्या गोष्टी सांगाव्या, निरोप घ्यावा, बस्स, एवढेंच!

वाचक म्हणतील, ही का परीक्षा? परंतु खरी मेख येथेंच आहे. स्पॅनिशमध्यें बरोबरीच्या माणसास ‘तू’ म्हणतात. उच्चारानें व अर्थानें तो आपला ‘तूं’च समजा. वडीलधाऱ्यास वा अपरिचितास ‘उस्तेद’ म्हणावयाचें. हा शब्द ‘ब्वेस्त्रा मेर्थेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनाचा झिजून झालेला अवशेष होय. ‘उस्तेद’बरोबर क्रियापदाचें रूपही बदलतें. भाषा शिकणारा आरंभ ‘तू’नें करतो आणि दुसऱ्याच ओळींत घाबरून ‘उस्तेद’च्या रूपावर जातो. ‘तूं केव्हां येणार आहांत?’ असें कोणी आपणांस लिहिलें तर जसें हंसूं येईल, तसेंच तें वाटतें. तीर्थरूपांस, चिरंजीवांस व स्नेह्यांस निरनिराळे मायने लिहिणाऱ्या घरांतील मंडळींस ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाहीं.

चांगलें उत्तर कसें असतें? मासल्यादाखल आम्हीच रचलेलें एक मराठींत देतों, मात्र तें शब्दसंख्येनें अपुरें आहे : ‘प्रिय आना : तुझी चिठ्ठी पावली, फार आनंद झाला. शनिवारीं मला येतां येणार नाहीं, कारण माझी बहीण गांवाहून येत आहे. रविवारीं प्लाथा मायोरमध्यें घड्याळाखालीं भेटशील का? एक आलिंगन.’ नांवापुढें आपण स्वल्पविराम देतों, तेथें स्पॅनिश लोक दोन टिंबें देतात. आणि प्रश्नाच्या आरंभीं उलटें प्रश्नचिन्ह विसरून चालत नाहीं. शेवटचें ‘आलिंगन’ आपल्या वळणास मोकळें वाटेल, पण तेथें तें केवळ रीत म्हणून लिहितात. ‘घड्याळाखालीं’ ही तर सालामांकाच्या लोकांची ठरलेली भेटीची जागा.

या चार ओळींवर कित्येकांचें भवितव्य अवलंबून असतें. ज्यांचा देश स्पॅनिशभाषी नाहीं अशा प्रौढांस स्पेनचें नागरिकत्व हवें असेल, तर २०१५ पासून सामान्यतः किमान ही दुसरी पायरी चढावी लागते. शिवाय संविधान व समाज यांविषयीं निराळी परीक्षा असतेच. परक्या घरीं वृद्धांची शुश्रूषा करणारी बाई किंवा खाणावळींत भांडीं घासणारा तरुण दिवसभर मालकास ‘उस्तेद’ म्हणत असतो. परीक्षेच्या मेजावर मात्र त्यास कोणा आनाशीं बरोबरीच्या नात्यानें बोलावयाचें असतें.

तोर्मेसवरील जुन्या रोमन पुलापाशीं एक दगडी बैल आहे. त्याच्यावरच आंधळ्या धन्यानें पोरक्या लासारोचें डोकें आपटलें, असें ‘लासारियो दे तोर्मेस’ या निनावी कादंबरींत आहे. तिच्या उपलब्ध आवृत्त्यांपैकीं सर्वांत जुन्या १५५४ च्या आहेत. ती सबंध कथा म्हणजे लासारोनें एका थोर गृहस्थास ‘आपली कृपा’ असें संबोधून लिहिलेलें पत्रच होय. दीनास आपली हकीकत सांगावयाची तर ती वरच्याकडे पाहूनच सांगावी लागे. आज दूरदेशाहून आलेल्या माणसाकडून स्पेन अर्जाची भाषा मागत नाहीं, मैत्रीची मागतो, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटली. त्या चिठ्ठीवरून कोणास खरी आना लाभेलच असें नाहीं. पण ती भेटलीच, तर तिला काय म्हणून हांक मारावी एवढें तरी त्यास ठाऊक असेल.