जात्याची घरघर

बहिणाबाई चौधरींचा जन्म आमच्या असोद्याचा, १८८० सालचा. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी जपली म्हणून १९५२ साली पुस्तक निघाले. शब्द राहिले, पण गळा काही कागदावर उतरत नाही.

सासूबाई आता ऐंशीच्या घरात. जात्यावर बसल्या की दम लागतो. म्हटले, ओव्या आत्ताच मुद्रित कराव्यात. भाचा म्हणाला, "मामी, विकतचं सॉफ्टवेअर घ्या." पण मला कुठे वाजंत्री बसवायची होती? फुकटचे ऑडॅसिटी पुरले. फाइल मात्र वेव्ह ठेवा बाई! एमपीथ्री जागा वाचवायला आवाजातले काहीबाही गाळते, ते परत मिळत नाही.

नको असलेला आवाज पाच-सहा सेकंद वेगळा ऐकवला, की सॉफ्टवेअर तो साऱ्या गाण्यातून कमी करते. पंख्याचा काढला. मग हौसेने जात्याची घरघरही काढली.

सासूबाईंनी कान देऊन ऐकले. "अगं, ही कोण गातेय? माझं जातं कुठंय?"

नशीब, मूळ फाइल निराळी ठेवली होती. तीच लावली, खोकल्यासकट.