वेग आपल्या हातात हवा

ओवे आता गाव राहिले नाही, असे लोक म्हणतात. एका बाजूला खारघरच्या इमारती, दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसी. मधल्या गल्ल्यांत मात्र हातावर पोट असलेली माणसे आजही आहेत. वेल्डर, फिटर, बफिंगवाले. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. कारागीर, हुन्नर, औजार, रंदा, कलई हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत मुरले. दोन्ही भाषांनी हे शब्द घरात घेतले, कारागिराला मात्र ओटीवरच बसवले.

माझे मोठे भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, वीस वर्षे एका कारखान्यात बफिंग करत होते. नळ, कड्या, मुठी चकचकीत करायच्या. तिथले यंत्र एकाच वेगाचे, मिनिटाला 2800 फेऱ्या. पितळ असो की प्लास्टिक, वेग तोच. एकदा नळाची कड कापडी चाकात अडकली. नळ उडाला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. मालकाने आठवड्याचा पगार दिला आणि दुसरा माणूस ठेवला. पुढे वर्षभर भाईजान चाक फिरताना दिसले की मागे सरत. भाभी शिवणकामावर घर चालवत होत्या.

हे काम त्यांना घरीच करता यावे आणि चाकाची भीती जावी, म्हणून आम्ही दोघांनी पडवीत वेग बदलता येणारे यंत्र उभे केले. बाजारातली तशी तयार यंत्रे आमच्या आवाक्याबाहेर होती.

पहिला सल्ला सगळ्यांनी एकच दिला: "मोटारीला पंख्याचा रेग्युलेटर लावा." हे करू नका. कपॅसिटर लावून सुरू होणाऱ्या सिंगल फेज मोटारीत सुरुवातीपुरती एक वेगळी वायंडिंग असते. मोटारीने वेग घेतला की आतला स्विच ती तोडतो. रेग्युलेटरने वेग फार उतरवला तर तो स्विच पुन्हा जुळतो, ती वायंडिंग तापत राहते आणि जळते.

आम्ही जुनाच उपाय धरला: पायऱ्यांची पुली. भंगारातून अर्ध्या हॉर्सपॉवरची, 1440 फेऱ्यांची मोटार घेतली. मोटारीवर 3, साडेचार आणि 6 इंचांच्या पायऱ्यांची एक पुली, वरच्या शाफ्टवर तशीच दुसरी, पण उलटी. 3 वरून 6 वर पट्टा टाकला की चाक 720 फेरे घेते, मधल्या जोडीवर 1440 आणि 6 वरून 3 वर 2880. सातवीतले गुणोत्तर, बाकी काही नाही. 150 मिलिमीटरच्या चाकाची कड त्या हिशेबाने मिनिटाला सुमारे 340, 680 किंवा 1360 मीटर धावते. प्लास्टिक सर्वांत कमी वेगावर, नाहीतर वितळते. पितळेच्या लहान वस्तू मधल्या वेगावर, वेळ लागला तरी चालेल. स्टील वरच्या वेगावर, पण चाकावर लिहिलेली वेगमर्यादा आधी पाहायची.

शाफ्ट 20 मिलिमीटरचा, दोन ब्लॉक बेअरिंगमध्ये बसवलेला. लेथवाल्याला डाव्या टोकाला उलटे आटे पाडायला सांगितले, नाहीतर फिरता फिरता नट सैल होतो. चौकट जुन्या लोखंडी टेबलाची. मोटार, पुल्या, बेअरिंग, लेथचे काम, पट्टा, चाके, वायर आणि लाल बटण धरून खर्च 4300 रुपये झाला. पट्ट्यावर पत्र्याचे झाकण आणि मोटारीला अर्थिंग, यात काटकसर केली नाही. पट्टाही फार ताणला नाही. वस्तू अडकली की तो घसरतो आणि धक्का कमी बसतो.

नियम भाईजाननीच घातले. पट्टा बदलायचा तो प्लग काढूनच. चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येतो, म्हणून वस्तू मध्यरेषेच्या खाली धरायची आणि तिची कड खाली ठेवायची. अडकलीच तर ती आपल्यापासून दूर फेकली जाते. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी यंत्राजवळ नको. साखळी मोकळी धरायची नाही. चष्मा आणि मास्क हवाच, कारण कापसाची आणि धातूची धूळ छातीत बसते. पॉलिशच्या प्रत्येक वडीला वेगळे चाक.

पहिले काही दिवस भाईजान फक्त 720 वर काम करत होते. मग एक दिवस त्यांनी स्वतःच पट्टा मधल्या पायरीवर सरकवला. आता शेजारपाजारची पितळेची भांडी, कड्या, गाडीचे सुटे भाग येतात. कमाई जेमतेम आहे, पण ती त्यांची आहे.

माझ्या वर्गातली मुले अधूनमधून पडवीत येतात. त्यातल्या एकाने विचारले, "सर, कारखान्यात अशी पुली का लावत नाहीत?" वेग बदलायला यंत्र थांबवावे लागते आणि थांबलेले यंत्र मालकाला परवडत नाही, एवढेच मी सांगू शकलो. तुमच्या घरातले कुणी अशा यंत्रावर काम करत असेल, तर त्याला विचारा: वेग कोण ठरवतो?