पुलाखाली गेलेली पेठ

पुणे–नाशिक महामार्गावरची भोसरी आता काही मिनिटांत मागे पडते. राजमाता जिजाऊ उड्डाणपुलावर गाडी चढली की दोन्ही हातांना वरच्या मजल्यांच्या खिडक्या आणि क्लासेसचे फलक दिसतात, आणि पूल उतरेपर्यंत भोसरी संपलेली असते. पुलाआधी इथून एवढ्या सहज कुणाला निसटता येत नसे. लांडेवाडीपासून आळंदी रस्त्याच्या फाट्यापर्यंत हा रस्ता म्हणजेच गावाची पेठ होती. ती गेली. तिची निधनवार्ता कुठे छापून आली नाही, म्हणून हे चार शब्द.

ही पेठ कुणी वसवली नव्हती. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, भोसरीच्या माळावर प्लॉट पडले आणि टेल्को-बजाजला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपांनी ते भरत गेले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. भैरवनाथाचं देऊळ, तालमी, आळ्या आपल्या जागी राहिल्या. पण ज्यांची शेतं गेली त्यांनी घरामागे भाड्याच्या खोल्या काढल्या. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेली पोरं तिथे कॉट बेसिसवर राहू लागली. खोली आणि कंपनी यांच्या मधे हा रस्ता होता. रोज दोनदा ओलांडायचा, म्हणून दोनदा तिथे थांबायचं.

पेठेचे सण महिन्याला दोन. तेव्हाच्या वेतन कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असत तिथे पगार सात तारखेच्या आत व्हायचा, मोठ्या कारखान्यात दहाच्या आत. त्यामुळे सातला लहान शॉपवाले रस्त्यावर उतरायचे, दहाला कंपनीवाले. किराणा दुकानात उधारीची वही उघडी असायची. ‘आधी मागचं मिटव, मग तेल घे,’ असं शेठ म्हणायचे. ‘मिटवतो शेठ, पण निम्मं. ओव्हरटाइम अजून दिला नाय त्यांनी,’ असं पोरगं म्हणायचं. शेठ निम्मं जमा करून घ्यायचे आणि तेलाचा डबा पुढे सरकवायचे. शेजारी टूल्सच्या दुकानात तेलकट पँटीतला एखादा टर्नर चार एमएमचं ड्रिल मागायचा आणि दुकानदाराच्या शब्दावर न जाता मागच्या खिशातून स्वतःचा व्हर्नियर काढून माप बघायचा. त्याला लागून साडी सेंटर, मग वडापावची गाडी, मग बेअरिंगवाला, मग रसवंती. फाट्यावर सहाआसनी रिक्षावाले ‘आळंदी, आळंदी’, ‘मोशी-चाकण’ ओरडत उभे. सीट भरेपर्यंत रिक्षा हलणार नाही, तोवर गिऱ्हाईक कुठल्या तरी दुकानात शिरणारच. त्या वाट पाहण्यावर निम्मी पेठ जगत होती.

देखणी म्हणावी अशी ती कधीच नव्हती. चिंचवडगावाला मोरया गोसावींची समाधी आहे, पवनेचा घाट आहे. देवदर्शनाला येणारा माणूस पेढे-फुलं घेऊनच जातो. निगडी प्राधिकरणात सरळ रस्ते आहेत, झाडं आहेत, शांतता आहे. १९७२ मध्ये प्राधिकरण स्थापन झालं ते कामगारांना घरं मिळावीत म्हणून, आणि राहायला ती वस्ती खरंच चांगली झाली. पण तिथे माणूस पत्ता शोधत जातो, उगाच फेरफटका मारायला जात नाही. भोसरीत धूळ, हॉर्न, ट्रकचा धूर, आणि तरीही संध्याकाळी पाय तिकडेच वळायचे, कारण ओळखीचा कुणीतरी तिथे भेटायचाच.

पूल गरजेचा होता, यात वाद नाही. नाशिककडच्या ट्रकांमधून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडलेल्याला ते सांगावं लागत नाही. पण पुलाने वरची कोंडी सोडवली आणि खाली खांब, दुभाजक आणि उभ्या गाड्या ठेवल्या. समोरचं दुकान दिसतं, पण तिथे जायला वळसा पडतो. माणूस म्हणतो, जाऊ दे. दोष एकट्या पुलाचाही नाही. पगार खात्यात जमा होऊ लागला, तशी सात तारखेची संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखी झाली. उरलेलं काम मोबाइलवरच्या खरेदीने केलं.

अमेरिकेतल्या लहान गावांची मेन स्ट्रीट अशीच ओस पडली. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, त्याच वर्षी मिनियापोलिसजवळ साउथडेल हा बंदिस्त मॉल उघडला, आणि गावातून जाणारी गाडी गावाबाहेरून जाऊ लागली. न्यूयॉर्कमध्ये ब्रूम स्ट्रीटवरून उन्नत महामार्ग नेण्याचा बेत होता. लेखिका जेन जेकब्ज आणि तिथल्या रहिवाशांनी तो साठच्या दशकात हाणून पाडला. आज सोहोच्या त्याच गल्ल्या बघायला लोक जातात. सॅन फ्रान्सिस्कोत एम्बार्काडेरोचा पूल बांधून झाला होता. १९८९ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला, १९९१ मध्ये पाडायला घेतला आणि किनाऱ्याचा रस्ता पुन्हा पायी चालणाऱ्यांचा झाला.

भोसरीचा पूल पाडा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पेठेच्या पश्चात पीएमटी चौक आहे. पीएमटी ही बससेवा २००७ मध्येच पीएमपीएमएलमध्ये विलीन झाली, नाव मात्र कुणी बदललं नाही. आळंदी फाटा आहे. व्हर्नियर खिशात ठेवणारे टर्नर अजून आहेत.

प्रश्न पुढच्या गावांचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेला माणूस त्याची वाट बघतो आहे, आणि त्याचं बरोबरच आहे. पण मोशीत, चाकणमध्येही कंपनी आणि खोलीच्या मधे रस्ताच आहे. खांब कुठे उभे करायचे हे ठरवण्याआधी, खालून कोण, कुठे, किती वाजता रस्ता ओलांडतो हे मोजायला हवं. वरच्या वेगाचा हिशेब कोटींत मांडून झाला. पायी ओलांडणाऱ्यांचा हिशेब निविदेतच आला पाहिजे; काम संपल्यावर तो मांडला, तर असे लेख आणखी लिहावे लागतील.