श्रवणाचा परवाना

महसूल खात्याच्या कचेरीत उभी हयात घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या गृहस्थाने उतारवयात बिनतारी विद्येकडे वळावे, याचे माझ्या आप्तेष्टांना नवल वाटले. परंतु ज्याने आयुष्यभर रयतेचे अर्ज, तक्रारी आणि कैफियती ऐकून त्यांची बिनचूक नोंद ठेवण्याचे काम केले, त्याला निवृत्तीनंतरही ऐकण्याचेच एखादे साधन प्रिय व्हावे, यात मला तरी विसंगत असे काही दिसत नाही. हे साधन म्हणजे तळहातात मावेल एवढा एक रेडिओसंच. निरनिराळ्या कंपनसंख्यांची यादी त्याच्या स्मृतीत भरून ठेवली की तो त्या यादीवरून अखंड फिरत राहतो. जेथे शांतता असेल तेथून पुढे सरकतो आणि जेथे कोणी बोलत असेल तेथे थांबून ते बोलणे आपल्याला ऐकवितो. इंग्रजी मुलखांत अशा यंत्राला स्कॅनर म्हणतात आणि नाशकातील आम्हां मोजक्या हौशी मंडळींतही तेच नाव रूढ आहे.

या विद्येची वाट मला दाखविली ती पंचवटीतील आमच्या शेजारच्या अण्णांनी. अण्णा वयाने माझ्याहून वडील, यंत्रांच्या दुरुस्तीत मुरलेले आणि बोलण्यात अत्यंत मोजके. संच विकत घेण्याची माझी उत्सुकता पाहून ते एवढेच म्हणाले, “भाऊसाहेब, आधी परवाना, मग यंत्र. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला हे मी निराळे काय सांगावे?” पोलीस आणि अग्निशामक दल यांची संभाषणे घरबसल्या ऐकण्याचा छंद अमेरिकेत अनेकांना आहे, आपल्याकडे तशी मुभा नाही. १८८५ च्या तार कायद्याने आणि त्यानंतर १९३३ च्या बिनतारी तार कायद्याने घालून दिलेला शिरस्ता असा की, परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा. आणि त्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा झाला असला, तरी परवान्याची आवश्यकता टळलेली नाही.

परकीय अमदानीत निर्माण झालेल्या या बंधनाविषयी माझ्या मनात आरंभी किंचित आढी होती, हे मी नमूद करतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ सुरू केला, पोलिसांच्या शोधपथकांना हुलकावणी देत प्रक्षेपणाच्या जागा बदलल्या आणि नोव्हेंबरमध्ये अटक होईपर्यंत तो आवाज चालू ठेवला. त्या दिवसांत मनाई असलेली ध्वनिलहर कानांनी टिपणे हेच देशकार्य होते. तथापि, राज्य जेव्हा आपले असते, तेव्हा त्या लहरींवरून जाणारा संदेश एखाद्या जखमीला रुग्णालयात पोहोचविणाऱ्याचा असतो किंवा सीमेचे रक्षण करणाऱ्या शिपायाचा असतो, आणि त्यात कान घालण्याचा अधिकार केवळ जिज्ञासेने प्राप्त होत नाही. नाशकात तर ही मर्यादा अधिकच काटेकोरपणे पाळावयास हवी. कारण देवळालीस तोफखान्याचे विद्यालय, ओझरला विमानांचा कारखाना आणि गांधीनगरला लष्करी वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्र, असा संरक्षणाचा मोठा कारभार या शहराच्या कुशीतच चालतो.

तेव्हा मी रीतसर अर्ज केला. हौशी रेडिओच्या परीक्षेसाठी वयाची किमान अट बारा वर्षांची. कमाल मर्यादा नसल्याने माझ्या पिकल्या केसांची कोणास अडचण झाली नाही. विद्युत् व रेडिओ यांची मूलतत्त्वे आणि संदेशव्यवहाराचे नियम असे दोन विषय. वरच्या श्रेणीसाठी तारयंत्राच्या कट्ट-कडकट्टची म्हणजे मोर्स लिपीचीही परीक्षा द्यावी लागते. मी प्रारंभिक श्रेणीच पत्करली होती. परीक्षा मुंबईस दिली आणि यथावकाश दिल्लीहून संचार मंत्रालयाच्या बिनतारी शाखेचा परवाना हाती आला. त्यावर ‘व्हीयू ३’ या भारतीय उपसर्गाने आरंभ होणारी माझी संज्ञा छापलेली होती. सरकारी शिक्क्याचे कागद मी हयातभर हाताळले. परंतु ज्याच्या योगाने आकाशातील एका अरुंद पट्ट्यावर मला कायदेशीर प्रवेश मिळाला, त्या कागदाइतका आनंद दुसऱ्या कोणत्याही दस्तऐवजाने मला दिल्याचे स्मरत नाही.

संच सिद्ध करण्याचे काम अण्णांनी आमच्या गच्चीवर मांडले. प्रथम त्यांनी यंत्राबरोबर आलेला आखूड रबरी अँटेना काढून ठेवला. दोन मीटर लांबीच्या लहरी ग्रहण करावयाच्या तर अँटेना त्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारे अर्धा मीटर असावा. रबरी अँटेना खिशात वागविण्यास सोयीचा खरा, पण सोयीची किंमत दुर्बल संदेश गमावून द्यावी लागते. त्याच्या जागी त्यांनी ओढून लांब करता येणारी दांडी बसविली आणि तिच्या मुळाशी, संचाच्या धातूच्या भागाला जोडून, तेवढ्याच लांबीची एक तार खाली सोडली. अँटेनाला आपले दुसरे अंग लागते. हातातल्या संचाला ते एरवी धरणाऱ्याच्या शरीरातून कसेबसे मिळते, ते या तारेने नीट पुरविले.

दुसरे काम स्क्वेल्चचे. कोणताही संदेश नसताना असा संच गप्प बसत नाही. पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा दुरून ऐकावा तसा एक अखंड घोष त्यातून चालू राहतो. स्क्वेल्चची कळ फिरवीत गेले की एका बिंदूपाशी तो घोष थांबतो, आणि त्यानंतर संदेश आला तरच ध्वनिद्वार उघडते. ती कळ पुष्कळ पुढे फिरविली तर संपूर्ण शांतता लाभते खरी, परंतु दूरवरच्या क्षीण आवाजालाही द्वार बंद होते. म्हणून अण्णांचा दंडक असा की, घोष थांबला त्या बिंदूपासून केवळ केसभर पुढे जावे आणि अधूनमधून होणारी खरखर सहन करावी. शहरातील एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांच्यामुळे ती खरखर नित्य असते. पण ज्याला क्षीण आवाज ऐकावयाचा आहे, त्याला थोडा उपद्रव सोसण्याची तयारी ठेवावीच लागते.

तिसरे आणि सर्वांत विचाराचे काम यादीचे. यंत्राच्या स्मृतीत शेकडो स्थाने होती आणि ती सर्व भरून टाकावीत असा मोह कोणासही व्हावा. परंतु यादी जितकी लांब, तितकी प्रत्येक स्थानी परत येण्याची फेरी दीर्घ. दोन शब्दांत संपणारी हाक तेवढ्या अवकाशात निसटून जाते. भारतात हौशी मंडळींना दिलेला पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. आम्ही शोधाची सीमा त्या पट्ट्यापुरतीच बांधली आणि त्यातही निवडक स्थानेच ठेवली: परस्परांना हाक मारण्याची १४५.५००, अवकाश स्थानकाची १४५.८०० आणि डोंगरावर बसविलेल्या पुनःप्रक्षेपकांच्या, म्हणजे रिपीटरांच्या, काही जागा. आकाशवाणीचे नाशिक केंद्र १०१.४ वर आणि रेडिओ विश्वास हे सामुदायिक केंद्र ९०.८ वर लागते. ती मी वेगळ्या कप्प्यात ठेवली, कारण अखंड चालणाऱ्या प्रक्षेपणापाशी फिरते यंत्र एकदा थांबले की तेथून हलत नाही आणि बाकीची सारी यादी निरर्थक होते. बोलणे संपल्यानंतर यंत्राने काही सेकंद तेथेच थांबावे, अशीही तजवीज केली, म्हणजे प्रश्नामागोमाग येणारे उत्तर निसटू नये. आणि शेवटी अण्णांनी तो नियम सांगितला, ज्याला ते सर्व जुळणीचा कळस मानीत: आपल्यासाठी नसलेला संदेश चुकून कानी पडला, तर तो लिहून ठेवू नये, कोणास सांगू नये आणि त्याचा उपयोग करू नये. कचेरीत गोपनीय टपाल हाताळताना मी जे इमान पाळीत आलो, तेच येथेही मागितले जात होते.

यानंतरचे माझे श्रवण बहुतांशी डोंगरांवर झाले. या लहरी प्रायः सरळ रेषेत प्रवास करतात, आणि आमचे शहर गोदावरीच्या खोलगट प्रदेशात वसलेले. साहजिकच गच्चीवरून जे ऐकू येत नाही ते उंचीवरून स्पष्ट येते. मला प्रिय झाला तो रामशेज. शहराच्या उत्तरेस आशेवाडीवरून चढून जाण्याजोगा हा आटोपशीर किल्ला, पण औरंगजेबाच्या फौजेला त्याने वर्षानुवर्षे झुंजविले. त्या यशात शौर्याचा वाटा जेवढा, तेवढाच तटावरच्या जागत्या पहाऱ्याचा असला पाहिजे, असे तेथे बसून ऐकताना मला वारंवार वाटे.

एका हिवाळी प्रभाती अण्णांची नात आमच्याबरोबर आली होती. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून त्या सुमारास चित्रे प्रक्षेपित होत होती. ते स्थानक पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून, ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या वेगाने जाते. क्षितिजावर उगवून मावळण्यास त्याला जेमतेम दहा मिनिटे लागतात. ते येत असताना संदेशाची कंपनसंख्या तीन हजारांहून अधिक कंपनांनी चढलेली असते, डोक्यावर येताच मूळ पदावर येते आणि दूर जाताना तेवढीच उतरते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात डॉप्लर परिणाम म्हणून पाठ केलेली गोष्ट तेथे संचाच्या आकड्यांत प्रत्यक्ष पडताळून पाहता आली. दांडी सावकाश कलती करीत मी संच आकाशाकडे धरला. प्रथम खरखर, मग तीतून वर येणारा एक सुरेल, चढउतार करणारा ध्वनी. नातीने मोबाईल त्याच्याजवळ धरला आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत चित्र भरू लागले. “आजोबा, हात हलवू नका!” एवढेच ती कुजबुजली. एक चित्र पूर्ण होण्यास सुमारे दोन मिनिटे लागली. पहिल्या काही ओळी खरखरीने विस्कटलेल्या होत्या, पुढच्या निर्मळ आल्या. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच स्थानकावरून आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी बंगळूरच्या विद्यार्थ्यांशी हौशी रेडिओवरूनच संवाद साधला होता, हे तिला ठाऊक होते. आता त्या वाटेने आलेले काहीतरी तिने आपल्या हाताने टिपले होते, आणि उतरताना परीक्षेच्या वयाची चौकशी तिने आपण होऊन केली.

या छंदाचे मोल मात्र मला चित्रांहून अधिक अन्य कारणासाठी वाटते, आणि त्याचे मूळ माझ्या नोकरीत आहे. २००३ च्या सिंहस्थात मी तपोवनातील साधुग्रामाच्या बंदोबस्तात नेमला गेलो होतो. २७ ऑगस्ट रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. आमच्यापर्यंत ती वार्ता आली तेव्हा माणसांच्या तोंडून येणारे प्रत्येक वर्तमान निराळे होते. कोणता रस्ता मोकळा, कोठे गर्दी वळवावयाची, हे निश्चितपणे सांगणारा एकच आवाज होता, आणि तो शेजारी उभ्या असलेल्या शिपायाच्या बिनतारी संचातून येत होता. एका कंपनसंख्येवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. दोघांनी एकदम कळ दाबली तर बहुधा कोणाचेच धड ऐकू येत नाही. तो आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट पोहोचला, याचे श्रेय बोलणाऱ्याइतकेच त्या वेळी आपली कळ न दाबता ऐकत राहिलेल्या साऱ्यांचे होते, हे मला पुढे ही विद्या शिकल्यावर उमगले. हौशी रेडिओचा पहिला पाठही तोच: आधी ऐका, वाट मोकळी असल्याची खात्री करा, मग बोला.

संकटकाळी अशा शिस्तीने बसलेल्या मोजक्या माणसांनी काय साधले, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा छंदाच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांनी आपले केंद्र पुन्हा उभे केले आणि मुख्य भूमीवरील आप्तांपर्यंत सुखरूपतेचे निरोप पोहोचविले. आमच्या नाशकालाही संकट अपरिचित नाही. गोदेच्या पुराचे माप आम्ही दुतोंड्या मारुतीवरून घेतो, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या मस्तकावरून गेलेले आम्ही पाहिले आहे. अशा वेळी वीज जाते, मोबाईलच्या मनोऱ्यांचे विद्युत्-साठे संपत येतात, आणि जे मनोरे चालू असतात त्यांवर सारे शहर एकाच वेळी बोलू पाहते. चार-पाच वॅटचा हातातला संच आणि डोंगरावरचा एक पुनःप्रक्षेपक यांवर चालणारी वाट त्या गर्दीपासून अलिप्त असते. मात्र ती उपयोगी पडावी तर संकटापूर्वीच तिची जुळणी झालेली असावी, बॅटरी भरलेली असावी आणि तिच्यावर कान देऊन बसणारी माणसे एकमेकांच्या आवाजास परिचित असावीत.

म्हणून माझी नाशिककरांना कळकळीची विनंती आहे. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो आणि गोदेला पूर कोणत्याही पावसाळ्यात येऊ शकतो. पंचवटी, जुने नाशिक, सातपूर, सिडको, नाशिकरोड, देवळाली या प्रत्येक भागात परवानाधारक अशी दहा-पाच माणसे असली, शाळा-महाविद्यालयांनी बारा वर्षांवरील मुलामुलींना या परीक्षेस बसविले, आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी हजेरी घेण्याचा परिपाठ ठेवला, तर प्रशासनाच्या हाताशी एक शिस्तबद्ध दुसरी फळी सदैव राहील. त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. गरज आहे ती जे आपल्यासाठी नाही ते न ऐकण्याच्या संयमाची आणि जे आपल्यासाठी आहे ते क्षीण असले तरी सोडून न देण्याच्या चिकाटीची. हे दोन्ही गुण अभ्यासाने अंगी बाणतात, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. आणि ज्या वयात मी ते शिकू शकलो, ते पाहता इतर कोणासही ते दुःसाध्य वाटण्याचे कारण नाही.