दोन दिवसांची मुलाखत

मैत्रिणींनो, मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आपल्यापैकी बहुतेकींनी सोसलेला आहे. पोह्यांच्या बशा, जोखणाऱ्या नजरा आणि मागाहून येणारा निरोप! पण अमेरिकेतल्या विद्यापीठात प्राध्यापक नेमतानाही असाच कार्यक्रम होतो, तोही चांगला दोन दिवस चालणारा, असं सांगितलं तर तुम्हांला खरं वाटेल?

माझी भाची, म्हणजे नणंदेची मुलगी, तिकडे शिकून आता अशाच एका जागेसाठी खटपट करते आहे. तिचा विषय कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स. नावाला घाबरू नका. आपण लक्षात कसं ठेवतो, चेहरे कसे ओळखतो, निर्णय कसे घेतो आणि त्या वेळी मेंदूत काय घडतं, याचा हा अभ्यास. माणसाला एमआरआय यंत्रात निजवायचं, काहीतरी आठवायला सांगायचं आणि मेंदूच्या कुठल्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो ते पाहायचं. कवटीला धक्का नाही.

आता निवडीची रीत ऐका. आधी जाहिरात. मग विभागातल्या प्राध्यापकांची समिती अर्ज चाळते. सोबत आजवरच्या कामाचा तक्ता, पुढच्या संशोधनाचं टिपण आणि जाणत्या मंडळींची शिफारसपत्रं. त्यातून तीन-चार जणांनाच बोलावणं जातं. मग तासाभराचं व्याख्यान, एकेका प्राध्यापकाची भेट, विद्यार्थ्यांशी गप्पा. जेवणसुद्धा समितीबरोबरच, घास तोंडात आणि प्रश्न समोर! निवड झालीच, तर प्रयोगशाळेला पैसा किती, एमआरआय यंत्राचे तास किती, याची घासाघीस. आणि कायम व्हायला पुढे साधारण सहा वर्षं थांबायचं.

मी विचारलं, "लग्न झालंय का, मुलं किती, हे विचारतात का गं?"

"विचारायचं नसतं, मामी. पण मनात कोण काय धरतं, ते कुठे दिसतं?"

मनातलं हे गणित एकदा कागदावर उतरलं आहे. १९९९ साली ऱ्हिया स्टाइनप्राइस आणि त्यांच्या दोन सहकारी महिलांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठांतल्या २३८ मानसशास्त्रज्ञांकडे त्यांनी अर्जदाराचा तक्ता पाठवला. तक्ता तोच, नाव तेवढं वेगळं: काहींच्या हाती ब्रायन मिलर, काहींच्या हाती कॅरन मिलर. नेमणुकीसाठी पसंती ब्रायनला जास्त मिळाली. आणि कॅरनला मागे सारण्यात बायकाही पुरुषांच्या बरोबरीने होत्या! माणसाचं मन जाणण्याचा ज्यांचा पेशा, त्यांची ही कथा.

वारं बदलतं, हेही सांगायला हवं. २०१५ साली वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सेसी यांनी प्राध्यापकांपुढे काल्पनिक उमेदवार ठेवले, तेव्हा मानसशास्त्रासकट बऱ्याच विषयांत कल उलट, स्त्रीकडे दिसला. म्हणजे ही खोड काही दगडावरची रेघ नाही.

हे सगळं मला इतकं का लागलं? मी अर्धवेळ शिक्षिका आहे. पूर्णवेळ जागेसाठी एका शाळेत गेले होते, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "मूल लहान आहे, मग रजा फार होतील ना?" विचारणाऱ्या बाईच होत्या. बी.ए.ला विषय कोणता, वर्गात कविता कशी शिकवाल, हे कुणी विचारलंच नाही. जागा दुसऱ्याला गेली याचं दुःख ओसरलं. कामाबद्दल एक प्रश्नही आला नाही, याचं अजून सलतं.

तुम्ही म्हणाल, आपण कुठे कुणाला नेमतो? नेमतो हो! मंडळाची शिवणशिक्षिका, मुलांची शिकवणी घेणारी, स्वयंपाकाला येणारी, सगळ्यांची निवड आपणच करतो. तेव्हा एवढं करून पाहा. कामाला काय काय यायला हवं, ते आधी लिहून काढा. प्रत्येकीला तेच प्रश्न विचारा. थोडं काम प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. आणि प्रत्येकीबद्दलचं मत आपसांत चर्चा सुरू होण्याआधी टिपून ठेवा.

आमच्या महिला मंडळाच्या बालवाडीला पुढच्या महिन्यात शिक्षिका नेमायची आहे. समितीत मी आहे. प्रश्नांची यादी तयार आहे: गोष्ट कशी सांगाल, रडणारं मूल कसं सांभाळाल, वेळ पाळता येईल का. घरी मुलं किती, हा प्रश्न त्यात नाही.